सातवा खिळा

लोखंडी जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होती. पुढे उतरणाऱ्या अकरा माणसांपैकी एकूण एक तिथे अडखळला. कुणी स्वतःशीच पुटपुटलं, कुणी पुढच्याच्या पाठीवर आदळलं, आणि चिमीच्या नवऱ्याने कठडा घट्ट धरून आपण मुद्दामच थांबलो असा चेहरा केला. चिमी अडखळली नाही. तिच्या पायाने आपणहून अर्धीच उतरण घेतली आणि ती खालच्या दालनाच्या फरशीवर सरळ उभी राहिली. पिवळं हेल्मेट घातलेली गाईड मुलगी कौतुकाने म्हणाली, "वा मावशी, या पायरीला न फसलेल्या तुम्ही पहिल्याच." सगळे हसले. चिमीही हसली, आणि हसता हसता तिने मागे वळून ती पायरी पुन्हा बघितली, कारण या इमारतीत ती आयुष्यात कधी आलेली नव्हती.

निदान घरात तरी तसंच ठरलेलं होतं. चिमी आता त्रेपन्न वर्षांची होती, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती, तिच्या हाताखाली नऊ बायका होत्या आणि त्या तिला घाबरून असत. पण आईच्या तोंडी ती अजून चिमीच होती, आणि आईने हे तिला शंभरदा तरी सांगितलं असेल की तू पॉवरहाऊसच्या आत कधी गेलीच नाहीस, लहान मुलांना तिथे सोडतच नसत. पॉवरहाऊस रस्त्याच्या पलीकडे आणि कामगारांच्या खोल्या अलीकडे, मधे एक तारेचं कुंपण. बाबा तिथे कामाला होते, आणि चिमी पाच वर्षांची होईपर्यंत सगळे तिथेच राहिले. डोंगरावरच्या तळ्यातलं पाणी दोन मोठ्या नळांतून खाली यायचं, यंत्रं फिरवायचं आणि मागच्या कालव्यातून निघून जायचं. त्याचा आवाज दिवसरात्र घरात असायचा, आणि शहरात राहायला आल्यावर पहिले कित्येक दिवस चिमीला शांततेनेच झोप येईना. एवढं तिला आठवत होतं. बाकी आठवणी म्हणजे तुटक तुकडे. शेजारच्या काकूंचं निळं दार. त्याच दारात उभ्या राहून हसणाऱ्या काकू, आणि त्यांनी चिमीच्या तळहातावर ठेवलेली चिमूटभर साखर. ही साखर तिला आयुष्यभर पुरली होती. कारखान्यात एखादा दिवस फार वाईट गेला की ती डोळे मिटून ती साखर आठवायची, आणि बरं वाटायचं. ती कशाबद्दल मिळाली होती ते मात्र कधी आठवलं नाही. पण पायरी? पायरीचं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगून कळणारी गोष्टही नव्हती ती. कापडावर हात फिरवताना सुटलेला टाका तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचा, पण त्यासाठी बोटं तीस वर्षं झिजली होती. पाय कुठे झिजले होते?

दालन लांबलचक होतं. चार यंत्रांपैकी तीन रंग लावून नुसती बघण्यासाठी ठेवलेली, आणि चौथं अजून चालू. त्याच्या घरघरीने फरशी बारीक थरथरत होती आणि ती थरथर चपलेतून चढून गुडघ्यात येऊन बसत होती. तेलाचा वास, ओल्या लोखंडाचा वास. नवरा आपला प्रत्येक पाटीपुढे थांबून पाटी मोठ्याने वाचत होता. तो फर्निचरचं काम करायचा. कुठेही गेला तरी आधी भिंतीला हात लावून बघायचा, मग माणसांना नमस्कार. या सहलीचे पास त्यानेच आणले होते, एका गिऱ्हाइकाकडून, आणि मोठ्या हौसेने म्हणाला होता की तुझ्या बाबांचं पॉवरहाऊस आता लोकांना बघायला उघडलंय, चल. चिमी हो म्हणाली त्याला कारण होतं, पण ते तिने त्याला सांगितलं नव्हतं. सकाळी निघताना तिने आईला सांगितलं, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, यंत्रं काय बघायची, फिरतात ती. मग जरा वेळाने, कुणी काही सांगितलं तर ऐकून घे आणि ये, एवढंच.

कारण असं होतं की बाबांना इथून काढून टाकलं होतं. त्यांच्या हातून एक माणूस मेला होता, असं दादा म्हणायचा. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, वडिलांवर राग धरून मोठा झालेला. दर वेळी भांडण झालं की तो म्हणायचा, अगं त्यांनी स्वतः कबूल केलं, आणखी काय पाहिजे तुला? आणि चिमी म्हणायची, बाबा तसे नव्हते. तिच्याजवळ पुरावा काय, तर बाबा. शहरात आल्यावर त्यांनी पंख्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. दिवसभर मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसलेला माणूस, दुसऱ्याचा पेनसुद्धा विचारल्याशिवाय न उचलणारा. दादाला त्यांनी कपबशी फोडली म्हणून मारलं होतं. चिमीला कधी बोटसुद्धा लावलं नाही, आवाज चढवला नाही. ती लाडकी, असं सगळे म्हणायचे, तिलाही तसंच वाटायचं. आणि तरी कधी कधी मोटारीवरून नजर उचलून ते तिच्याकडे असे बघत की ती गोंधळून म्हणायची, काय झालं बाबा? काही नाही, ते म्हणायचे, अभ्यास कर. अकरा वर्षांपूर्वी ते वारले तेव्हाही या विषयाचा शब्द निघाला नाही. या जागेत कुठेतरी, एखाद्या जुन्या वहीत, एखाद्या पाटीवर, ते तसे नव्हते याची खूण सापडेल, एवढ्या आशेवर ती आली होती.

गाईड मुलगी दालनाच्या टोकाला, नळाच्या जाडजूड तोंडापाशी थांबली. तिथे माणसाच्या छातीएवढं एक लोखंडी चाक होतं, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर, चांगला उंच, एक लाकडी फळा. फळ्यावर बारा खिळे, खिळ्यांवर आकडे घातलेले पितळी बिल्ले, आता नुसते बघण्यासाठी अडकवलेले. सातवा खिळा रिकामा. मुलीने कानाजवळचा माईक सरळ केला आणि सांगू लागली. यंत्राच्या पोटात दुरुस्तीला उतरायचं तर आधी हे चाक फिरवून पाणी बंद करायचं, आणि उतरणाऱ्याने आपला बिल्ला आपल्या हाताने या फळ्यावर अडकवायचा. वर आला की आपल्याच हाताने काढायचा. फळ्यावर एकही बिल्ला असेपर्यंत चाकाला कुणी शिवायचं नाही, आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला तर कुणी, साहेबानेसुद्धा, हात लावायचा नाही. लेखी नियम नंतर आले, पण ही रीत इथल्या माणसांच्या रक्तात होती म्हणे. नव्वद वर्षांत ती फक्त एकदा मोडली. सात नंबरचा माणूस आत होता आणि चाकावरच्या माणसाने पाणी सोडलं. का, तर फळा रिकामा होता. फळा रिकामा कसा, तर म्हणे बिल्ला मीच काढला, काम संपलं असेल असं वाटलं. बिल्ला नंतर सापडलाच नाही, म्हणून हा खिळा रिकामा ठेवलाय. "इथला कुणी शुद्धीवर असताना असं करणं शक्यच नाही," मुलगी म्हणाली, "म्हणून तो माणूस कामावर पिऊन आला होता असं सगळे धरून चालतात." लोक चुकचुकले. एकाने रिकाम्या खिळ्याचा फोटो काढला.

पीत नव्हते, चिमी मनातल्या मनात म्हणाली. खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाबा वास घेऊन बघायचे. सांगावं, आत्ताच्या आत्ता सांगावं, ते माझे वडील होते म्हणून. पण तिची नजर खिळ्यांवरून हलेना. सात. सात हा आकडा तिला सगळ्या आकड्यांच्या आधी आला होता. शाळेत बाई एक दोन शिकवत असताना ती पाटीवर सात काढून बसली होती, आणि बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली होती, हा काकांचा. कुठले काका? डावखुरे काका. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण सगळं डाव्या हाताने करायचे म्हणून ते डावखुरे, निळ्या दाराच्या काकूंचे नवरे. म्हणजे सात नंबर म्हणजे ते. मेला तो माणूस म्हणजे ते. हे आजवर तिला कुणीच कसं सांगितलं नाही? की सांगितलं होतं आणि तिने ऐकलं नव्हतं? घरात नेहमी 'एक कामगार' म्हणत. यंत्राची घरघर गुडघ्यातून वर सरकून दातांत आली. तिला वाटलं आपल्याला पितळेची चव येतेय, आंबट, थंड, आणि चव आली म्हणून तिने जीभ ओठांवरून फिरवली तर ओठ कोरडे. हे आपल्याला आठवतंय की ही मुलगी सांगतेय म्हणून आपण रचतोय? कारखान्यात एखादी बाई म्हणाली, शर्ट माझ्याकडे आला तेव्हाच फाटका होता, तर चिमी तिला खोटी ठरवून मोकळी व्हायची. स्वतःला कसं ठरवायचं?

एव्हाना नवऱ्याचा हात भिंतीवर गेलेला होताच. फळ्याच्या खाली, कमरेच्याही खाली, तो रंगावरून अंगठा फिरवत होता. "हा फळा आधी इथे होता," तो जाहीर करून मोकळा झाला. "ही बघा जुनी भोकं, चारही कोपऱ्यांची. पुट्टी भरून वरून रंग मारलाय. वरचं काम नवशिक्याचं आहे, स्क्रू तिरके गेलेत." गाईड मुलीला खरोखर आनंद झाला. ती म्हणाली, काका, हे आजपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बसून काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी फळा पूर्वी खालीच होता. तिला शिकवणारा म्हातारा फोरमन सांगायचा की ज्याला काढून टाकलं त्या माणसानेच, हिशेब करून निघायच्या दिवशी, कुणाचं न ऐकता हा फळा उपटला आणि शिडी लावून वर ठोकला. दोन तास लागले त्याला. का ठोकला, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणाला कळलंही नाही. "नशेतच असेल," घोळक्यातलं कुणीतरी म्हणालं.

चिमी वाकली नाही. तिने फक्त हात खाली सोडला, आणि बोटं आपसूक त्या बुजवलेल्या भोकांपाशी येऊन थांबली. तिच्या मांडीच्या उंचीवर. पाच वर्षांच्या पोरीच्या हाताच्या उंचीवर. तिला काहीच कळलं नाही आणि सगळं कळलं, दोन्ही एकदमच, आणि यातलं खरं कुठलं ते ठरेना. मुलगी म्हणाली, आता दहा मिनिटं बाहेर कालव्यापाशी थांबू. सगळे जिना चढू लागले. चिमी कुणाच्या पुढे, कुणाच्या मागे चढली ते तिचं तिलाच ठाऊक नाही.

कालव्याच्या कठड्याशी उभं राहून तिने आईला फोन लावला. नवरा पाण्याची बाटली घेऊन शेजारी आला, तिचा चेहरा बघून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. आईने फोन उचलायला वेळ लावला. चिमीने विचारलं, मी कधीच आत गेले नव्हते का गं? आई म्हणाली, आज गेलीस ना, मग झालं तर. चिमी म्हणाली, फळा खाली होता, आई. माझ्या हाताला येईल एवढा. बाबांनी तो वर ठोकला.

"बिल्ला तू चोरला नव्हतास," आई म्हणाली. "काका विसरले म्हणून तू नेऊन दिलास. चांगल्या मनाने दिलास. हे आधी नीट ऐकून घे, मग बाकीचं विचार."

बाकीचं तिने विचारलं नाही, आईनेच सांगितलं, मधे मधे थांबत, पण एकदा सुरू झाल्यावर न राहवून. त्या वस्तीत माणसं सारखी काही ना काही कामावर विसरायची, कुणी चष्मा, कुणी छत्री, कुणी हातमोजे, आणि ते घरोघर पोचवायचं काम पोरांचं. पोचवलं की हातावर काहीतरी गोड पडायचं. त्या दिवशी दादा तापाने फणफणलेला, त्याला घेऊन आई डॉक्टरकडे गेली, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून बाबांनी चिमीला आत नेलं. रखवालदाराने दुसरीकडे बघितलं. तासभर तिला फळ्याजवळच्या बाकावर बसवून ठेवलं. आई आल्याचं कळल्यावर बाबा म्हणाले, जा आता घरी, सरळ जा. ते पाठमोरे होऊन कामाला लागले आणि जाता जाता तिने सात नंबर बघितला. काकांचा. काकांनीच तिला तो आकडा शिकवला होता, तो बिल्ला तिच्या हातात देऊन देऊन. काका कुठे दिसत नव्हते आणि त्यांची वस्तू मागे राहिलेली. ती घेऊन ती जिना चढली, रस्ता ओलांडला, आणि निळं दार वाजवलं. काकू हसल्या. बिल्ला घरी आला म्हणजे माणूस मागोमाग आलाच, असं समजून त्यांनी पोरीच्या हातावर साखर ठेवली आणि नवऱ्याचं ताट वाढायला घेतलं. ताट वाढून झालं नव्हतं तोच धोक्याचा भोंगा वाजला.

संध्याकाळी त्याच काकू बिल्ला पदरात गुंडाळून दारात येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. तोवर बाबांना काहीच कळत नव्हतं, फळा रिकामा होता एवढंच ते वेड्यासारखं बोलत होते. काकूंनी बिल्ला त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, माझं गेलं ते गेलं. पोरीला कळू देऊ नका, तिला आयुष्य काढायचंय. दुसऱ्या दिवशी चौकशी होती. फळा रिकामा होता एवढं सांगून बाबा सुटले असते. पण मग तो रिकामा कुणी केला, हे शोधत माणसं घरापर्यंत आली असती. बाबा म्हणाले, मीच काढला. बिल्ला त्यांनी पाण्यात सोडून दिला. "तुझ्या बाबांनी मला वचनात बांधलं होतं," आई म्हणाली, "आणि ते गेले म्हणून वचन जात नाही. आता तू कुणापाशी बोलू नकोस. त्यांनी एवढं केलं ते मातीत जाईल."

चिमीने फोन बंद केला. मागच्या यंत्रातून सुटलेलं पाणी कालव्यातून शांतपणे चाललं होतं. तिला रडू आलं नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं. राग आला, आणि तो कुणाचा ते कळेना. काकूंच्या साखरेचा राग आला. ती साखर तिने आयुष्यभर चघळली होती, आणि तेव्हा आत काका होते. बाबांचा आला. त्यांनी तिला कधी मारलं नाही, ओरडले नाहीत, ते लाडाने नव्हतंच की काय? एकदा ओरडायला सुरुवात केली तर कुठे थांबेन, अशी भीती होती का त्यांना? मोटारीवरून नजर उचलून ते तिच्याकडे बघायचे तेव्हा नेमकं काय बघायचे? आणि दादाने त्यांचा एवढा राग राग केला, तो त्यांनी गिळला, तिच्यासाठी गिळला, आणि तिने तर फक्त त्यांची बाजू घेतली, फुकटात. आता बोलावं तर त्यांनी जन्मभर धरून ठेवलेलं आपण उधळून टाकणार. न बोलावं तर दर शनिवारी, दर तासाला, ही गोड मुलगी माईक सरळ करून सांगणार की तो पिऊन आला होता. ती दोन्हीकडून विचार करत राहिली आणि दोन्हीकडून सारखाच अंधार लागत होता. मग तिने उगाच हिशेब केला. तेव्हा बाबा चौतीस वर्षांचे होते. चौतीस. कारखान्यातली सगळ्यांत तरुण शिलाई करणारी बाईसुद्धा चौतीसची आहे, आणि सुई मोडली तरी तिच्या डोळ्यांत पाणी येतं. चिमी त्यांच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी झाली होती, आणि तो तरुण माणूस अजून तिथे खाली, लोकांचं चुकचुकणं ऐकत, तिच्या पुढे उभा होता.

जिन्याच्या तोंडाशी पुढचा घोळका जमला होता. गाईड मुलगी त्यांना हेल्मेटं वाटत होती. चिमी तिच्याजवळ गेली. नवरा काही न विचारता मागून आला.

"तो माणूस पीत नव्हता," चिमी म्हणाली. "माझे वडील होते ते."

मुलीच्या हातातलं हेल्मेट हातातच राहिलं. ती घाईघाईने म्हणाली, माफ करा मावशी, मला ठाऊक नव्हतं, आम्हाला जसं सांगितलंय तसंच आम्ही सांगतो. आता ते पिण्याचं मी गाळून टाकते. मग ती थांबली. ती कामाची मुलगी होती, तिला पुढच्या पाच मिनिटांत वीस माणसांना ती गोष्ट सांगायची होती. "पण मग लोक विचारतात हो," ती अवघडून म्हणाली. "पिऊन नव्हते, तर त्यांनी दुसऱ्याचा बिल्ला काढला तरी कसा?"

नवऱ्याने चिमीच्या दंडाला हात लावला. त्याला वाटलं ती पडतेय. ती पडत नव्हती.

"त्यांनी नाही काढला," ती म्हणाली. "मी काढला. पाच वर्षांची होते मी, आणि काका विसरले असं मला वाटलं. हे असंच सांग सगळ्यांना."